नवीन ड्रायव्हर तिसऱ्या रविवारी येत नाही, ह्याचं काय करायचं?

तिसरं_वळण

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज लिहूनच टाकतो. लांब होणार आहे, पण पूर्ण वाचा आणि मग बोला.

मागच्या सीझनपासून आपल्या गो-कार्ट रेसिंग क्लबच्या नोंदणीच्या टेबलावर मी बसतोय, त्यामुळे कोण येतं आणि कोण परत येत नाही ते माझ्या वहीत दिसतं. नवीन लोक येत नाहीत असं अजिबात नाही. येतात. पहिल्या रविवारी येतात, दुसऱ्या रविवारी बरोबर मित्राला किंवा भावाला घेऊन येतात, आणि मग नाव गायब. त्यातल्या काही जणांना मी स्वतः फोन केले. कुणीच वाईट बोललं नाही, मजा आली म्हणाले, पण जवळजवळ प्रत्येकाच्या बोलण्यात एक गोष्ट होती की आम्ही मागे का पडत होतो तेच कळलं नाही. एकाने तर विचारलं, दादा माझ्या कार्टमध्ये काही बिघाड होता का मीच वाईट चालवत होतो? आणि मला उत्तर देता आलं नाही, कारण त्या दिवशी त्याला ७ नंबरचा कार्ट दिला होता, आणि ७ नंबर कसा आहे ते आपल्या सगळ्यांना माहितीये.

हेच मला खटकतंय. जुने मेंबर लवकर येतात, चांगले कार्ट आधीच उचलतात, उरलेले नवीन माणसाच्या वाट्याला. वर त्याला सरळ दहा दहा वर्षं चालवणाऱ्यांच्या हीटमध्ये, म्हणजे छोट्या शर्यतीत, सोडायचं. तो पहिल्या वळणात स्पिन होतो, म्हणजे गर्रकन फिरून उलटा होतो, मागचे ओरडतात, तो घाबरून पुढच्या दहा लॅप कडेकडेने काढतो आणि घरी जातो. हरण्याचं त्याला काही वाटत नसणार, पण का हरलो ते सांगणारं कुणी नसतं.

माझ्या मनात असं आहे की कार्ट चिठ्ठ्या टाकून द्यायचे, कुणीही निवडायचा नाही, अगदी कमिटीवाल्यांनीसुद्धा. वजनाचा काहीतरी हिशोब ठेवायचा. आणि पहिला तास फक्त नवीन लोकांचा, तेव्हा दोन जुने मेंबर ट्रॅकच्या आत उभे राहून त्यांना बघतील आणि हीट झाली की एक एक गोष्ट सांगतील. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने लिहा, विरोध असला तरी लिहा.

ग्रीसचे_हात

चिठ्ठ्यांना माझा पाठिंबा आहे, पण आधी कार्ट सारखे करायला पाहिजेत, नाहीतर ७ नंबर ज्याला लागेल त्याचा रविवार वायाच. आणि ७ नंबरला उगाच बदनाम करू नका, इंजिन ठीक आहे त्याचं, मी परवाच बघितलं.

दिसायला सगळे कार्ट सारखेच, सगळ्यांना तेच होंडाचं जीएक्स २०० इंजिन, १९६ सीसी, मग फरक येतो कुठून? हे इंजिन मुळात पंप, जनरेटर असल्या कामांसाठी बनवलेलं, त्याला गव्हर्नर असतो, म्हणजे ठरावीक फेऱ्यांच्या वर ते जाऊ नये म्हणून केलेली सोय. त्या गव्हर्नरची सेटिंग दोन कार्टमध्ये जराशी जरी वेगळी असली तरी लांब सरळ पट्ट्यावर एक कार्ट दुसऱ्याला सोडून निघून जातो, आणि मागच्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. नंतर टायर. मागचा टायर नवीन असताना साधारण ११ इंच व्यासाचा असतो, झिजला की व्यास कमी होतो, म्हणजे गिअरिंगच बदललं. झिजलेल्या टायरवर कार्ट वळणातून उचलतो बरा, पण सरळ पट्ट्यावर लवकर दम संपतो. एकाला नवीन टायर, दुसऱ्याला जुने, तर ते दोन कार्ट सारखे नाहीतच.

आणि सगळ्यात जास्त वेळ जिथे जातो ते कुणी बघतच नाही. मागची बाजू स्टँडवर उचला, चेन काढा आणि आक्सल, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा दांडा, हाताने जोरात फिरवून सोडा. चांगला कार्ट फिरतच राहतो. ७ नंबरचा मी फिरवला तर अर्ध्या फेरीत थांबला, ब्रेकचे पॅड डिस्कला घासत होते. म्हणजे तो बिचारा ड्रायव्हर अख्खी रेस ब्रेक लावून चालवत होता. नंतर बेअरिंग बघितले तर एक बेअरिंगपण खरखरत होतं. दोन्ही बदललं, आता फिरतो.

दर शनिवारी संध्याकाळी दोन तास दिले तर हे सगळं होतं. हवा सगळ्यांची एकाच गेजने, सावलीत आणि टायर थंड असताना भरायची, कारण चालवल्यावर टायर तापतो आणि प्रेशर वाढतं, मग गरम टायरवर मोजलेलं आणि थंड टायरवर मोजलेलं ह्याची तुलनाच होत नाही. चेनला मधोमध बोटाने दाबून अर्धा इंच खेळ ठेवायचा, दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाकं, एका रेषेत आहेत का ते पट्टी लावून बघायचं. गव्हर्नर एकाच माणसाने लावायचा आणि त्यावर रंगाची खूण करायची, म्हणजे कुणी हात लावला तर लगेच कळेल. मी शनिवारी येतो, पण एकट्याने १२ कार्ट होत नाहीत, अजून तिघे हवेत.

पहिल्या_लॅपची_भीती

मी त्या तिसऱ्या रविवारी न येणाऱ्यांपैकीच एक होणार होते, म्हणून लिहितेय.

पहिल्या दिवशी मला हेल्मेट दिलं, कार्टमध्ये बसवलं, उजवा पाय ॲक्सिलरेटर डावा ब्रेक एवढं सांगितलं आणि सोडलं. मला गाडी छान चालवता येते म्हणून मी जशी रस्त्यावर चालवते तशीच वळणात ब्रेक दाबला, आणि कार्ट गर्रकन फिरून उलटा उभा. तीन वेळा. तिसऱ्यांदा समोरून बाकीचे येताना दिसत होते आणि माझे हात थरथरत होते. नंतर कुणीतरी निळा झेंडा हलवत होतं तर मला वाटलं मला थांबायला सांगतायत, मी मध्येच थांबले, मागचा मुलगा अगदी थोडक्यात चुकला. त्याची काहीच चूक नव्हती. माझीही नव्हती असं मला आज वाटतं, मला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर कुंपणाजवळ एक काका उभे होते, नाव अजूनही माहीत नाही, ते म्हणाले वळणात शिरायच्या आधी ब्रेक संपव बाळा, आत शिरलीस की ब्रेकवरून पाय उचललेला पाहिजे. एवढंच. दुसऱ्या हीटला मी एकदाही स्पिन झाले नाही. त्या एका वाक्यामुळे मी आज क्लबमध्ये आहे. तेव्हा तिसरं_वळण दादा म्हणतात तसे दोन जण पहिल्या तासाला उभे राहिले तर खूप फरक पडेल, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

उलटा_एपेक्स

ताई तुम्ही स्पिन का झालात ते थोडं सविस्तर लिहितो, नवीन लोकांना उपयोगी पडेल, कारण त्या काकांनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर आहे पण त्यामागचं कारण कळलं तर डोक्यात पक्कं बसतं.

आपल्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या आक्सलला आहे. पुढच्या चाकांना ब्रेकच नाही. गाडीला चारही चाकांना असतो. त्यामुळे वळत असताना कार्टचा ब्रेक दाबला की मागची दोन्ही चाकं पकड सोडतात, पुढची मात्र धरून असतात, मग शेपूट पुढे येणारच. दुसरं म्हणजे कार्टला डिफरन्शियल नाही. गाडीत वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी फिरतं, ती सोय डिफरन्शियल करतो. कार्टला मागे एक सलग लोखंडी आक्सल, दोन्ही चाकं सारखीच फिरणार. मग हा कार्ट वळतो कसा? तर स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांच्या तिरप्या भूमितीमुळे आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, बाहेरचं वर जातं, आणि वजन तिरकं सरकून मागचं आतलं चाक हलकं होतं, चांगल्या चालवणाऱ्याचं जमिनीवरून चक्क उचललं जातं. मग तीन चाकांवर कार्ट वळतो. वळण संपलं, स्टिअरिंग सरळ केलं की चाक परत खाली बसतं.

सस्पेन्शन नाही, स्प्रिंग नाही, चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, नळ्या वाकतात तेच सस्पेन्शन. सीटसुद्धा त्याचाच भाग आहे म्हणून सीटचे बोल्ट ढिले असले तर कार्ट विचित्र वागतो. हे सगळं एकदा समजलं की मग नवीन माणूस स्टिअरिंगशी मारामारी करत नाही. बहुतेक नवीन लोक वळण संपल्यावरही स्टिअरिंग दाबून धरतात, आतलं चाक अधांतरी राहतं, कार्ट घासत घासत बाहेर पडतो आणि सरळ पट्ट्यावर वेग मिळत नाही. हात लवकर सरळ करा, हे मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो.

आणि एक, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी कधीही दाबू नका. आपला क्लच फेऱ्या वाढल्या की पकडणारा आहे, तसं केलं की तो घसरत राहतो, तापून निळा पडतो, आणि मग पुढच्या हीटला ज्याला तो कार्ट मिळेल तो मागे राहतो.

जुना_टू_स्ट्रोक

सगळं वाचलं. भावना पटते पण उपाय पूर्ण पटत नाही, म्हणून विरोध नोंदवतो.

सगळे कार्ट सारखे, चिठ्ठी टाकून, कुणी नटबोल्टला हात लावायचा नाही, हे भाड्याच्या ट्रॅकवर ठीक आहे. क्लब कशासाठी असतो? कार्टिंग सुरूच गॅरेजमध्ये झालंय. १९५६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसाने पहिला कार्ट बनवला, तो रेसिंगच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करायचा, त्याने नळ्या जोडून छोटी चौकट केली आणि तिला वेस्ट बेंडचं छोटं टू स्ट्रोक इंजिन लावलं, गवत कापायच्या मशीनवर लावतात त्यातलं. पुढे तीनच वर्षांनी, १९५९ ला, मॅकलॉक कंपनीने चेनसॉच्या इंजिनावरून खास कार्टसाठी इंजिन काढलं. १९६२ मध्ये ह्या खेळाची जागतिक समितीसुद्धा उभी राहिली. इतक्या लवकर हा खेळ पसरला कारण सामान्य माणसाला स्वतःच्या हाताने बनवता, मोडता, सुधारता येत होतं. ते काढून घेतलं तर मी रविवारी यायचं कशाला?

मी स्वतः जे शिकलो ते कार्ट उघडून शिकलो. पुढची रुंदी दहा मिलीमीटर वाढवली तर काय होतं, मागची कमी केली तर काय, सीट एक इंच मागे सरकवली तर वजन कुठे जातं. चांगल्या कार्टमध्ये ड्रायव्हर बसलेला असताना साधारण ४० ते ४३ टक्के वजन पुढे आणि बाकीचं मागे असतं, हे मी चार काट्यांवर कार्ट चढवून मोजलंय, पुस्तकात वाचून सांगत नाही. ही गोडी नवीन पोरांना लागलीच पाहिजे. सगळं सील करून ठेवलं तर त्यांना फक्त स्टिअरिंग फिरवता येईल.

स्टॉपवॉच

काका तुमचा मुद्दा मान्य आहे पण दोन्ही एकत्र जमतं की. जगभरात कितीतरी क्लासमध्ये इंजिन सीलबंद असतं आणि सेटिंग मोकळं असतं. रोटॅक्स मॅक्सचं १२५ सीसी इंजिन सील लावून येतं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एलओ २०६ तसंच, आतमध्ये हात घालायचा नाही, पण टायरचं प्रेशर, रुंदी, सीट, स्प्रॉकेट ह्यात तुम्ही पाहिजे तेवढं डोकं लावा. म्हणजे खेळातला खर्चाचा भाग बंद आणि डोक्याचा भाग चालू. आपण असं करू, सकाळी क्लबचे कार्ट, चिठ्ठ्या, सारखं सेटिंग. दुपारी स्वतःचे कार्ट असलेल्यांचा क्लास, तिथे सेटिंग मोकळं. आणि सकाळच्या पोरांपैकी ज्याला हात काळे करायचेत तो दुपारी तुमच्याकडे पाना धरायला येईल.

वजनाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून थोडा हिशोब मांडतो. समजा कार्ट १४० किलोचा. ५५ किलोचा ड्रायव्हर बसला तर १९५, ९० किलोचा बसला तर २३०. इंजिन तेच. ओढायचं वजन जवळजवळ १८ टक्के जास्त, म्हणजे प्रत्येक वळणातून बाहेर पडताना जड माणसाचा वेग साधारण १५ टक्के हळू वाढणार. छोट्या घट्ट ट्रॅकवर दर लॅपला दहा अकरा वेळा तुम्ही वेग वाढवता, तेव्हा हा फरक ड्रायव्हिंगने भरून काढणं अशक्य आहे. आणि आपल्याकडे जे सोडून गेले त्यात अंगाने मोठी माणसं बरीच होती, वहीत बघून सांगा तिसरं_वळण.

उपाय साधा आहे, शिसं. हलक्या ड्रायव्हरच्या कार्टला शिशाच्या प्लेट लावून सगळ्यांना ठरलेल्या वजनापर्यंत आणायचं. पण प्लेट बोल्टने, दोन बोल्ट तरी पाहिजेत आणि ६ मिलीमीटरपेक्षा बारीक नकोत, वर डबल नट. चिकटपट्टी, दोरी, सीटखाली नुसती सरकवलेली प्लेट असलं काही नको, वळणात दहा किलोचा तुकडा सुटला तर मागच्याच्या अंगावर जाईल. जागा शक्य तेवढी खाली, सीटच्या तळाजवळ.

तिसरं_वळण

वही बघितली. वजन आपण लिहूनच घेत नाही, त्यामुळे आकड्याने सांगू शकत नाही. पण आठवणीने सांगायचं तर हो, तू म्हणतोस ते खरं आहे, त्यातले दोघे तिघे चांगले धिप्पाड होते. पुढच्या वेळेपासून हेल्मेट, बूट सगळं घालून वजन घेऊ आणि लिहून ठेवू.

काका, दुपारचा क्लास बंद करायचा असं माझ्या मनात कधीच नव्हतं, तसं वाटलं असेल तर माझ्या लिहिण्यात चूक झाली. तुमच्यासारखी माणसं गेली तर क्लबमध्ये उरलं काय.

कार्टवाली_आई

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, कॅडेटमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या गटात, चालवते. सगळे वेगाबद्दल बोलताय, मी सेफ्टीबद्दल बोलते, कारण नवीन कुटुंब परत येतं का नाही हे बऱ्याचदा आईवडिलांवर ठरतं.

पहिल्या दिवशी मला पडलेला पहिला प्रश्न, कार्टला सीटबेल्ट का नाही? कुणी नीट उत्तर दिलं नव्हतं, मी नंतर शिकले. कार्टला डोक्यावर पिंजरा नसतो. उलटला तर बेल्टने बांधलेला माणूस कार्टखाली अडकेल, त्यापेक्षा बाहेर फेकला गेलेला बरा, म्हणून रेसिंग कार्टला बेल्ट नसतो. हे एका मिनिटात सांगता येतं, आणि सांगितलं नाही तर कुठलीही आई आपलं मूल त्यात बसवणार नाही. मीही जवळजवळ परत नेलं होतं.

हेल्मेटचं तर आपल्याकडे अजूनही गांभीर्य नाही. मोठ्या माणसाचं हेल्मेट लहान मुलाला घालून आत फडकं कोंबलेलं मी ह्याच ट्रॅकवर बघितलंय. लहान मुलांची मान तेवढं वजन झेलू शकत नाही, म्हणून त्यांच्यासाठी हेल्मेट तपासणारी स्नेल ही संस्था आणि मोटर रेसिंगची जागतिक संस्था एफआयए यांचं सीएमआर हे वेगळं मानक आहे, त्यात हेल्मेटच्या वजनावर मर्यादा आहे. मोठ्यांसाठी स्नेलचं के मानक कार्टसाठीच आहे. हनुवटीचा पट्टा लावून हेल्मेट मागून वर ढकलायचं, डोक्यावरून निघालं तर ते त्या मुलाचं नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी परत वापरायचं नाही. बरगड्यांचा प्रोटेक्टर सुद्धा सगळ्यांना पाहिजे, कार्टची सीट कडक असते आणि वळणात सगळं अंग एका बाजूला दाबलं जातं, नवीन माणसाला दुसऱ्या दिवशी श्वास घेताना दुखतं, आणि तोही न येण्याचं एक कारण असेल.

आणि केस. कृपया हे नियमाने करा. लांब केस, स्कार्फ, जॅकेटच्या लोंबत्या दोऱ्या, मागे आक्सल आणि चेन फिरत असते, एकदा गुंतलं की काय होतं ते मला लिहायचं नाहीये. केस हेल्मेटच्या आत बांधलेले दिसल्याशिवाय मार्शलने, म्हणजे ट्रॅकवर देखरेख करणाऱ्याने, कार्ट सोडायचा नाही. मग तो कुणीही असो.

मुलींबद्दल एक सांगते. फॉर्म्युला वन विजेता फर्नांडो अलोन्सो, त्याच्या वडिलांनी बनवलेला पहिला कार्ट मुळात त्याच्या मोठ्या बहिणीसाठी होता, तिला आवड नव्हती म्हणून तीन वर्षांच्या फर्नांडोला मिळाला. माझ्या मुलीला आवड आहे. पण कॅडेटच्या ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, ती एकटीच मुलगी असते, आणि दोन रविवार एक मुलगी आली होती ती पण बंद झाली. तिच्या आईशी कुणी बोललं नव्हतं. मी बोलायला पाहिजे होतं.

पिवळा_झेंडा

ताईंच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. मी झेंडा धरतो, त्यामुळे मला समोरून दिसतं.

पहिल्या_लॅपची_भीती ताई, त्या दिवशी निळा झेंडा माझ्याच हातात होता. मनापासून माफ करा. निळा म्हणजे मागून वेगवान कार्ट येतोय, त्याला जाऊ द्या, थांबायचं तर नाहीच, आपली लाईन, म्हणजे वळणातून जायची वाट, पण सोडायची नाही, तो आपोआप बाजूने जातो. पिवळा म्हणजे पुढे काहीतरी झालंय, हळू व्हा, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे रेस थांबली, हात वर करून हळूहळू या. काळ्यावर केशरी गोल आणि नंबर दाखवला म्हणजे तुमच्या कार्टमध्ये बिघाड आहे, पिटमध्ये या. पिवळ्यावर लाल उभे पट्टे म्हणजे पुढे ट्रॅक निसरडा आहे, तेल सांडलंय किंवा पाणी आहे. एवढे पाच आधी पाठ झाले तरी पुरे, बाकीचे हळूहळू. पहिल्या तासाच्या आधी मी दहा मिनिटं झेंडे हातात घेऊन दाखवीन, फळ्यावर नको, ट्रॅकवर उभं राहून, जिथून दिसतात तिथूनच.

माझी एक मागणी आहे. प्रत्येक ड्रायव्हरने आपली हीट नसताना एका हीटला झेंडा धरायचा. सगळ्यांनी, जिंकणाऱ्यांनीसुद्धा. एकतर माणसं कमी पडतात, आणि दुसरं म्हणजे एकदा झेंडा धरलेला माणूस पिवळ्याखाली कधी ओव्हरटेक करत नाही, हे मी बघितलंय.

अजून एक, पाचव्या वळणाची टायरची भिंत. टायर नुसते रचलेत, एकमेकांना बांधलेले नाहीत. कार्ट आदळला की टायर विखुरतात, कार्टचं नाक दोन टायरच्या फटीत घुसतं आणि कार्ट जागच्या जागी थांबतो, तो सगळा झटका ड्रायव्हरला बसतो. टायर बोल्टने किंवा पट्ट्याने एकत्र बांधून समोरच्या बाजूला जुना कन्व्हेयर बेल्ट लावला तर कार्ट त्यावर घासत सरकतो, रुतत नाही. नवीन माणूस पाचव्यालाच जास्त जातो, कारण सरळ पट्टा संपून उतार आहे आणि ब्रेक उशिरा लागतो. हे काम पहिल्या तासाच्या योजनेआधी झालं पाहिजे, नाहीतर मी त्या वळणावर उभा राहणार नाही.

आवाजाचा_प्रश्न

विषय थोडा बाजूला जातोय पण इथेच लिहितो, कारण पहिला तास म्हणजे सकाळी लवकर सुरू करणार, आणि शेजारच्या वस्तीतून आवाजाची तक्रार आधीच आलीये. ट्रॅकच राहिला नाही तर नवीन काय आणि जुने काय.

कमिटीत कुणीतरी म्हणालं की कार्टची संख्या निम्मी करू. त्याने फारसं काही होत नाही. सारख्या आवाजाचे स्रोत दुप्पट केले तर तीनच डेसिबल वाढतात, निम्मे केले तर तीनच कमी होतात, कानाला जेमतेम जाणवतं. दहा कार्टऐवजी एकच ठेवला तर दहा डेसिबल. त्यापेक्षा अंतर दुप्पट केलं तर मोकळ्या जागेत सहा डेसिबल कमी होतात. म्हणून मला वाटतं पहिल्या तासाला वस्तीकडचा लांब पट्टा बंद ठेवून आतला छोटा लूप चालवावा, नवीन लोकांना तोच बरा, आणि वस्तीच्या बाजूला मातीचा बांध घालावा, एवढा उंच की तिकडून कार्ट दिसणारच नाही, कारण जिथून कार्ट दिसतो तिथे आवाज थेट पोचतो. सायलेन्सर फुटके असलेले दोन कार्ट आहेत ते आधी बदला, ते दोनच बाकी दहांना झाकून टाकतात. दुपारच्या टू स्ट्रोकवाल्यांनी हवा आत घ्यायच्या बाजूचा सायलेन्सर सुद्धा नीट बसवावा, आवाज फक्त मागून येतो असं नाही.

मी वस्तीतल्या लोकांशी बोलायला जायला तयार आहे, त्यांच्यातली दोन मुलं ट्रॅकवर आली तर तक्रार करण्याऐवजी बघायला येतील.

जुना_टू_स्ट्रोक

आवाजाचं बरोबर आहे. माझा एअरबॉक्सचा, म्हणजे त्या हवेच्या बाजूच्या सायलेन्सरचा, क्लॅम्प ढिला आहे, या आठवड्यात बदलतो.

आणि बाकीचंही परत वाचलं, कार्टवाली_आई आणि त्या नवीन ताईंचं विशेष. एक आठवलं. फॉर्म्युला वनचा मिखाएल शूमाकर जर्मनीत केर्पेनच्या ज्या कार्ट क्लबमध्ये वाढला तिथे त्याचे वडील ट्रॅकवर कार्ट भाड्याने द्यायचं, दुरुस्तीचं काम करायचे, आणि दुसऱ्यांनी टाकून दिलेले टायर लावून तो पोरगा चालवायचा. म्हणजे तिथे मोठ्या माणसांनी एका पोराला रोज ट्रॅकवर वावरू दिलं. मी आमच्या वेळी कुणी शिकवलं नाही म्हणून मीही कुणाला शिकवलं नाही, हे बरोबर नव्हतं. सकाळचा पहिला तास एका वळणावर मी उभा राहतो. दुसऱ्या वळणावर द्या मला, तिथे लाईन सगळे चुकवतात, आत लवकर वळतात आणि बाहेर जागा संपते.

चिठ्ठ्यांनासुद्धा माझी हरकत नाही. पण ग्रिडच्या पण चिठ्ठ्या करा. तीन हीट ठेवा, आणि प्रत्येकाला एकदा पुढून, एकदा मधून, एकदा मागून सुरुवात मिळू दे, तिन्हीचे गुण एकत्र धरायचे. नुसतं क्वालिफाइंगवर, म्हणजे आधीच्या लॅपच्या वेळेवर, लावलं तर नवीन माणूस कायम शेवटीच सुरू करणार आणि त्याला पुढच्याचं चाक कधी जवळून बघायलाच मिळणार नाही.

तिसरं_वळण

काका, दुसरं वळण तुमचं.

कालच्या रविवारी थोड्या प्रमाणात करून बघितलं ते सांगतो. टायरची भिंत शनिवारी बांधून झाली, बेल्ट एका बाजूला कमी पडला, तो तुकडा या शनिवारी. आतला लूप वापरला. नवीन आठ जण होते. पिवळा_झेंडा यांनी झेंडे दाखवले, मग वजन घेतलं, चिठ्ठ्या टाकल्या. सगळं सुरळीत झालं नाही. शिशाच्या प्लेट बदलायला इतका वेळ गेला की तिसरी हीट रद्द करावी लागली, आणि दोन जुने मेंबर चिठ्ठीवरून नाराज झाले, एक जण न चालवताच गेला. त्यांच्याशी मी समोरासमोर बोलणार आहे, धाग्यावर नाही.

मधेच पाऊस पण आला. मला वाटलं संपलं. पण काकांनी सगळ्यांना ट्रॅकवर चालत नेलं आणि दाखवलं की रोजच्या लाईनवर रबर बसलंय, ती ओली झाली की काचेसारखी होते, त्याच्या बाहेरून जा, वळणाला मोठा वळसा घ्या. ती हीट मी बघितलेली सगळ्यात सुंदर हीट होती, सगळे बाहेरून जात होते, एकही स्पिन नाही.

प्लेटसाठी पुढच्या वेळी आधीच वजनाचे गट करू, म्हणजे दर हीटला खोलाखोली नको. आठ जणांचे नंबर घेतलेत, या आठवड्यात मी फोन करणार आहे, आणि मुलांच्या आयांशी कार्टवाली_आई बोलणार आहेत.

पहिल्या_लॅपची_भीती

मी शनिवारी गॅरेजमध्ये येतेय. काल तिसरी हीट रद्द झाली म्हणून रिकामी होते तेव्हा ४ नंबरचा आक्सल फिरवून बघितला, ग्रीसचे_हात दादांनी लिहिलंय तसा. एका फेरीच्या आतच थांबतो, आणि ब्रेकचं पेडल पण बाकीच्यांपेक्षा खोल जातंय. पॅड बघायला पाहिजेत असं वाटतं. माझ्याकडे पाने नाहीत, १३ चा कुणी आणू शकेल का?

ग्रीसचे_हात

आणतो. १० चा पण लागेल. पाच वाजता ये, आधी चाक काढून ठेवतो.